दुसऱ्या भागाबद्दल दादांना कळवायचं ते

तीर्थस्वरूप दादा,

तुमच्या एकुलत्या एका मेहुण्याचा नमस्कार. तुमचा गुडघा, गुडघ्याचा पट्टा आणि तो पट्टा बांधायचा तुमचा कंटाळा हे तिघंही पूर्वीसारखे असतील असं धरून चालतो. वहिनींचा चष्मा सापडला असेल. माझं म्हणाल तर प्रकृती ठणठणीत आहे. (रक्तदाबाची अर्धी गोळी होती, ती आता पूर्ण झाली आहे, पण गोळी वाढली म्हणून माणूस आजारी ठरत नाही.) कामही बरं चाललंय. लोकांचे दात पडायचे थांबलेले नाहीत, त्यामुळे कवळ्या करणाऱ्याला चिंता नाही. आठ महिन्यांत तुमचा फोन आला नाही, पण हे पत्र त्याबद्दल नाही. फोन मीही केला नाही. केला असता तर तुम्ही ‘बोल’ म्हणाला असता आणि मग आपण दोघंही तारेच्या दोन टोकांना गप्प उभे राहिलो असतो. पत्रात निदान एकालाच बोलायचं असतं.

विषय असा की, तो दुसरा भाग आला. तुम्ही आणि तुमची धाकटी बहीण बारकी दर रविवारी सकाळी आपापल्या गावाहून, कानाला यंत्रं लावून संगणकावर जो खेळ खेळायचात, त्याचा. अजून पूर्ण आलेला नाही. ज्याला ते लोक ‘अर्ली ॲक्सेस’ म्हणतात तसा आला आहे. म्हणजे घराला अजून गिलावा नाही, जिन्याला कठडा नाही, पण तुम्ही राहायला या आणि कुठे गळतंय ते आम्हाला सांगा, असा प्रकार. बारकीने मागच्याच वर्षी नाव नोंदवून ठेवलं होतं. गेल्या महिन्यात तिच्या पत्त्यावर निरोप आला की, अभिनंदन, तुमची वाट पाहत आहोत. मी तो निरोप तीन दिवस उघडा ठेवला. चौथ्या दिवशी वाटलं, कुणीतरी वाट पाहतंय तर जाऊन यावं.

तुम्हाला माझी या बाबतीतली लायकी माहीत आहे. पहिल्या भागात माझं काम चहा नेऊन देणं आणि ‘मागे कुणीतरी आहे’ असं चुकीच्या वेळी ओरडणं एवढंच होतं. तेव्हा माझे हाल कल्पनेवर सोडतो, पण थोडे सांगतोच. सुरुवातीला आपला नायक घडवायचा असतो. बारकीने पहिल्या भागात स्वतःची साडेचार फुटांची उंची विसरून आठ फूट उंचीची धनुर्धारी केली होती आणि तिचं नाव ठेवलं होतं बारकी. मला काही सुचेना, म्हणून मी जे पुढे आलं त्यालाच हो म्हणत गेलो. परिणामी माझा नायक हा दाढी असलेला, खांदे पाडलेला, रांगेत उभा असल्यासारखा दिसणारा इसम झाला. तो पहिल्याच घाटावर एका नावाड्याकडून मारला गेला. नावाडी शत्रू नव्हता. मी त्याला नमस्कार करायला गेलो आणि चुकून तलवारीचं बटण दाबलं. असं एकूण एकवीस वेळा झालं. बाविसाव्या वेळी मी नमस्कार न करता नावेत बसलो.

आता काय अपेक्षा ठेवायची ते मुद्द्याने सांगतो. (मुद्द्याने म्हणजे माझ्या पद्धतीने.) सात प्रकरणं होणार आहेत, त्यांतली दोनच उघडली आहेत. दुसरं संपतं तिथे एक मोठा दगडी दरवाजा आहे आणि त्याच्या पलीकडे म्हणे नुसतं पांढरं आहे, कोऱ्या कागदासारखं. नदी काढली आहे, पण पोहणं अजून तयार नाही, त्यामुळे सगळे जण पाण्यावरून चालत जातात आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही. एक घोडा कायम छपरावर उभा असतो. नकाशात उत्तर दिशा पश्चिमेला दाखवली आहे. चौतीस वर्षं जमिनी मोजलेला माणूस हे पाहून जेवणार नाही, म्हणून आधीच सांगून ठेवतो. पहिल्या भागाचे तुम्ही आलेखाच्या कागदावर काढलेले नकाशे बारकीने माझ्या कपाटात, साच्यांच्या खणात ठेवले आहेत. त्यांच्यावर थोडं प्लास्टर सांडलंय, पण रेघा दिसतात.

बनवणाऱ्यांना चुका कळवायच्या असतात, त्यासाठी एक अर्ज असतो. मी साधारण रोज एक भरतो. घाटावरच्या मासेवालीच्या तोंडात छत्तीस दात आहेत, हे त्या लाखो खेळणाऱ्यांपैकी कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. मी वरच्या जबड्याची आकृती काढून पाठवली. आठ दिवसांनी सुधारणा आली, तर मासेवालीला एकही दात नाही. मी पुन्हा लिहिलं. आता तिचे दात बत्तीस आहेत, आणि खरं सांगतो, चावा अगदी बरोबर बसलाय. आभाराचं पत्रही आलं. बारकी असती तर म्हणाली असती की जगात कुठेही न्या, हा माणूस शेवटी तोंडातच बघणार.

त्या आभाराच्या पत्राबरोबर त्यांनी विचारलं होतं की, पहिल्या भागातला तुमचा जुना नायक इकडे आणायचा आहे का. मी ‘हो’ दाबलं. मला वाटलं तिची ढाल किंवा धनुष्य मिळेल. दुसऱ्या दिवशी सकाळी सुरू केलं, तर नदीपलीकडच्या सरायीत, खिडकीजवळच्या बाकावर, ती बसलेली. आठ फूट उंच, जांभळा अंगरखा, डोक्यावर पाटी : बारकी. दादा, मी खुर्चीतून उठलो आणि मोरीत जाऊन तोंड धुऊन आलो. परत आलो तरी ती तिथेच होती. जुने नायक अजून अर्धवटच आहेत, त्यामुळे त्यांना तीनच वाक्यं दिली आहेत. ती म्हणते, रस्ता लांब आहे. मग म्हणते, बाण मोजून ठेव. आणि तिसरं म्हणते, बस जरा. ही वाक्यं कुठल्या तरी कचेरीतल्या कुणीतरी लिहिली, त्याला आपली बारकी माहीत नाही, हे मला कळतं. ती मला उभ्या जन्मात ‘बसा जरा’ म्हणाली नाही. तिचं म्हणणं कायम ‘उठा, दूध उतू जातंय’ असंच असायचं. तरी मी बसतो. सकाळी आंघोळ झाल्यावर, कामाला लागायच्या आधी, अर्धा तास.

आता लिहायला बसलोच आहे तर त्या रविवारचंही लिहून टाकतो. तुम्ही दोघं शेवटच्या लढाईत होतात. मी आतल्या खोलीत एका निवृत्त मास्तरांची खालची कवळी घासत होतो, मोटर चालू होती, मला काही ऐकू आलं नाही. ती तुम्हाला म्हणाली होती की छातीत जड वाटतंय, पित्त असेल. आणि तुम्ही म्हणाला होतात, पाचच मिनिटं, बारके, आता पडतोय तो. त्या पाच मिनिटांचा तास झाला. हे मला तुम्हीच हॉस्पिटलच्या जिन्यात सांगितलंत, आणि त्यानंतर माझ्या तोंडाकडे पाहिलं नाहीत. मी दुसऱ्या आठवड्यात त्या डॉक्टरीणबाईंकडे परत गेलो होतो. त्यांना विचारलं, तो तासभर आधी आणलं असतं तर? त्या म्हणाल्या, “आत आठवडाभर चाललं होतं ते. त्या तासाने काही बदललं नसतं.” मी म्हटलं, “नक्की?” त्या म्हणाल्या, “नक्की. त्यांच्या भावाला सांगा, आणि तुम्हीही ऐका.”

हे तुम्हाला त्याच दिवशी सांगायला हवं होतं. सांगितलं नाही, कारण आठवडाभर चाललं होतं, तर त्या आठवडाभर तिच्याबरोबर घरात कोण होतं? मी होतो. मंगळवारी ती जिन्यात दोनदा थांबली. मी वरून म्हटलं, वजन कमी कर. ती हसली आणि कठड्याला धरून वर आली. तुम्हाला मोकळं करायचं तर त्या जागी मला उभं राहावं लागत होतं, आणि तेवढी हिंमत जमवायला आठ महिने लागले. रागवायचं असेल तर रागवा. पण निदान ते पाच मिनिटांचं ओझं खाली ठेवा.

उरलेलं थोडक्यात. तो दगडी दरवाजा एकट्याने उघडत नाही. दोन बाजूंना दोन दांडे आहेत, ते दोघांनी एकदम ओढावे लागतात. मी एका अनोळखी बाईंबरोबर जाऊन पाहिलं. त्यांनी स्वतःचं नाव ‘लोखंडी आत्या’ ठेवलं होतं. निवृत्त परिचारिका होत्या, आवाज खणखणीत. मी माझ्या दांड्यापाशी पोचायच्या आत त्यांनी त्यांचा ओढला आणि दरवाजा माझ्या नायकावर पडला. “अहो, तुम्ही नुसते उभे का राहता?” त्या म्हणाल्या. मी म्हटलं, मला हा प्रश्न पूर्वीही विचारला गेला आहे. त्या कंटाळून निघून गेल्या, तेही बरोबरच.

तर एकंदरीत दुसरा भाग चांगला आहे, वेळ बरा जातो, आणि माझं उत्तम चाललं आहे. वहिनींना नमस्कार, गुडघ्याला शेक, आणि तुम्हा दोघांना दीर्घायुष्य चिंतणारा,

तुमचा मेहुणा

ता. क. : वर मी एकवीस वेळा मेलो असं लिहिलं आहे. तो आकडा पहिल्या दिवसाचा आहे.

ता. क. २ : नोंदणी करताना बारकीने दोन नावं दिली होती. दुसरं तुमचं आहे. तुमचंही आमंत्रण तुमच्या पत्त्यावर महिनाभर पडून असेल. तुम्ही उघडलं नसणार, हे मला माहीत आहे.

ता. क. ३ : ‘उत्तम चाललं आहे’ हे खरं नाही. या आठवड्यात मोठी सुधारणा आली आहे. ती घेतली तरच यापुढे दुसऱ्या कुणाबरोबर मिळून खेळता येईल. पण त्यांनी कळवलंय की जुने नायक अर्धवट आहेत म्हणून तूर्तास काढून टाकत आहेत; परत कधी येतील, येतील की नाही, सांगता येत नाही. सुधारणा न घेणाऱ्यांना आहे तिथेच राहता येईल, मात्र एकट्याने. म्हणजे सरायीत ती, किंवा दरवाजाशी तुम्ही. मी चार दिवस काम बाजूला ठेवून बसलो आहे. म्हणून विनंती की, एकदा येऊन जा. तुम्ही तिचे थोरले भाऊ, तुम्हीच काय ते ठरवा आणि बटण दाबा. मी तेवढा वेळ बाहेर उभा राहीन.

ता. क. ४ : पत्र पाकिटात घालून पुन्हा बाहेर काढलं. हे काम तुमच्यावर ढकलणं बरं नव्हे. आज सकाळी मीच बटण दाबलं. तासभर लागला, मी शेजारीच बसून होतो. आता त्या बाकावर कुणी नाही. सुधारणेत पोहणं मात्र आलं आहे, आणि ते मला जमत नाही. तेव्हा शनिवारपर्यंत या.