‘रस्ता’ हळू वाजवायचा नाही

टेकडी तांडा, ता. घाटंजी
१८ नोव्हेंबर २०२४

ती. शामभिया यास,
सा. न. वि. वि.

इकडे सगळे ठीक. कपाशीची पहिली वेचणी झाली, तूर फुलावर हाय. मथुरेची कंबर दुखते, पण ती ऐकत नाही. म्या तर ऐकतच नाही. कान होते तसेच, म्हणजे नाहीतच. तवा फोन करू नको. केला तं मथुरा दोन शब्द हातवाऱ्यानं सांगते अन् वीस आपल्या मनानं घालते. जे हाय ते लिहून पाठव.

परवा घाटंजीच्या बाजारात तुमचा गोपाल त्याच्या बियाण्याच्या दुकानात भेटला. आता पोट असं वाढलं की गिटार त्याले उभीच धरा लागत असन. त्यानं बियाण्याच्या पावतीमागं लिहून दाखवलं, की ‘गडगडाट’ची जुनी गाणी पुन्हा रेकॉर्ड होऊन राह्यली. एकदम साधी. दोन लाकडी गिटार अन् शामचा आवाज. ड्रम नाही. हे लिहून वर हसला.

भिया, ज्या बँडमध्ये म्या तेरा वर्षं ड्रम बडवले, ज्याच्यापायी हे कान गेले, त्यातून मले काढलं हे बियाण्याच्या पावतीवरून समजावं? बरं, ते जाऊ दे. बँडचं नाव ‘गडगडाट’ अन् तुम्ही करून राह्यले कुजबुज. नाव तरी बदला. ‘लाईन गेली’ हे गाणं तू बत्ती गुल झाल्यावर माणूस वैतागते तसं बोंबलत होता, तवा गाव पिसाळत होतं. तेच आता कायले, लग्नाच्या पंगतीत पनीर वाढताना ऐकायले? म्हातारपणी गुडघे दुखले म्हणून कोणी चालण्याची पद्धत बदलते, तिले कला म्हणत नाही.

बाकी गाण्यांचं भजन करा, मले काही घेणं नाही. पण ‘रस्ता’ले हात लावू नको. त्याचा ठेका म्या डोकं चालवून बसवला नव्हता. मानीले खाटेवर घेऊन आपण चौघं चार किलोमीटर चिखलातून धावलो, तो त्या पायांचा ठेका हाय. धावलो होतो, भिया. फिरायले गेलतो नाही. तो हळू वाजवायचा नाही.

वहिनीले नमस्कार, बबिताले आशीर्वाद. लोभ हाय तेवढाच ठेव, वाढवायच्या भानगडीत पडू नको.

तुझा,
भावसिंग

•

पुसद
२७ नोव्हेंबर २०२४

चि. भावसिंग यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचले. पोस्टमनने पाकीट असं लांब धरून दिलं, जणू आतून धूर निघतोय. उज्ज्वला म्हणाली, भावजींची तब्येत उत्तम दिसते, शिव्या ताज्या आहेत.

गोपालने तुला पावतीवर कळवलं ही चूक माझी. मी स्वतः येऊन सांगायला हवं होतं. धीर झाला नाही, आणि तुझं पत्र वाचून वाटतं, धीर झाला नाही तेच बरं. तुझ्या हातात टिपऱ्या असतात.

आता तुझ्या गडगडाटाविषयी. मी एकोणसाठ वर्षांचा आहे. कॉलेजच्या कारकुनीतून सुटलो तेव्हा निरोपाच्या भाषणात प्राचार्यांनी मला ‘आपल्या शहराचे भूषण’ म्हटलं, आणि त्यांना आपल्या एकाही गाण्याचा एक शब्द आठवत नव्हता. मी नंतर बऱ्याच लोकांना विचारलं. तेरा वर्षं आपण गावोगावचे गणपती, गॅदरिंग, वराती गाजवल्या. लोकांना काय आठवतं? ‘रस्ता कुठं? रस्ता कुठं?’ एवढंच. आणि तुझे ड्रम.

तुला दिग्रसची वरात आठवते? नवरदेवाच्या मित्रांनी ‘रस्ता’ तीनदा वाजवायला लावलं. एक जण गॉगल लावून रस्त्यावर लोळत होता आणि बाकीचे त्याला खाटेसारखं उचलून नाचत होते. भावसिंग, आपल्या बहिणीच्या मरणावर ते नाचत होते. आणि तू तीनदा वाजवलंस. तिसऱ्यांदा तर आणखी जोरात. तुझ्या मते ती कला, आणि मी आता शब्द ऐकू यावेत म्हणून आवाज कमी केला तर ते पनीर.

तुझ्यासारखा वाजवणारा जिल्ह्यात झाला नाही. पण तुझ्या ढोलाखाली माणसाचं बोलणं चिरडून जायचं, हेही तितकंच खरं.

रेकॉर्डिंग जानेवारीत आहे. भिंतींना गाद्या लावलेली खोली आहे, तुला करमेल. ये, बस, तोंड वाकडं कर. घरचं माणूस समोर असलं की मी बरा गातो. मथुराला कमरेसाठी तेल पाठवतो आहे, ते तुरीला घालू नकोस.

राग उतरला तरी पत्र लिहीत जा.

तुझा,
शामभिया

•

टेकडी तांडा
८ डिसेंबर २०२४

ती. शामभिया यास,
सा. न. वि. वि.

तेल मिळालं. वास असा की म्हैस गोठ्यातून बाहेर पडली.

दिग्रसचं तू काढलं ते बरं केलं. तीनदा वाजवलं, हो. अन् तू तीनदा गायला. गळा तुहाच होता ना, का तोही म्याच वाजवत होतो? गॉगलवाल्याले पाहून तुले एवढं लागलं तं माईक खाली ठेवायचा होता. वरात संपल्यावर तू चार गुलाबजाम खाल्ले, ते मले पक्कं आठवते. आता केस पिकल्यावर तुले लाज सुचली, अन् लाजेचं खापर ड्रमवर.

तिसऱ्यांदा जोरात काहून वाजवलं ते तुले समजलं नाही, तू भूषण असूनही. मले त्यांचे नाचणारे पाय तोडून टाकावे वाटत होते. म्हणून वाजवलं. दुसरं काय होतं माह्या हातात?

गोपालनं नमुना म्हणून मथुरेच्या मोबाईलवर ‘रस्ता’ पाठवला. म्या मोबाईल तळहातावर धरला, छातीले लावला, दातात धरला. काही समजलं नाही. मंग मथुरेले इचारलं कसं हाय. तिनं दोन्ही हातांचा पाळणा करून हलवून दाखवला. अंगाई! भिया, तुम्ही मेलेल्या बहिणीले अंगाई म्हणून राह्यले. चिखल कुठं गेला त्यातला? आपल्या बापूंचं ओरडणं कुठं गेलं? ज्या लोकांनी तांड्याले रस्ता दिला नाही, तेच आता गाडीत बसून, काचा वर करून, मान हलवत हे ऐकतील. किती गोड हाय म्हणतील. तुले तेच पाहिजे असन.

म्या येत नाही. गाद्या लावलेल्या खोलीत माणूस झोपते, वाजवत नाही. ‘रस्ता’ त्या रेकॉर्डमध्ये राह्यला तं माह्या दारात येऊ नको. हे रागानं लिहिलेलं नाही. जेवण करून, हात धुऊन लिहिलं.

बबिताले सांगजो, तिच्या मामीनं तिच्यासाठी गोधडी शिवली हाय. तिच्यावर माया हायच. तुह्यावरची तूर्त राखून ठेवतो.

भावसिंग

•

पुसद
१६ डिसेंबर २०२४

चि. भावसिंग यास,
अनेक आशीर्वाद.

गुलाबजाम खरे आहेत. पाच होते.

तू दार बंद करायच्या आधी एक गोष्ट लिहून टाकतो. सत्तावीस वर्षं बोललो नाही. कान असते तरी तुला तोंडाने सांगू शकलो नसतो, म्हणून तुझं बहिरेपण मला आज सोयीचं वाटतं आहे. यावर तुला जे म्हणायचं ते म्हण.

त्या दिवशी खाटेच्या पुढच्या दोन खुरांशी तू आणि बापू होता. मागे मी आणि मानीचा नवरा. मानीचं डोकं माझ्याकडे होतं. पाऊस होता, बापू ‘दामटा, दामटा’ म्हणून ओरडत होते, आणि तुला पुढून काही ऐकू येणं शक्य नव्हतं. मला येत होतं. मानी सारखं एकच म्हणत होती. हळू. भिया, हळू चाला. हादरा बसते.

नाल्यापासून डांबरी रस्त्यापर्यंत ती हेच म्हणत होती. मी तिला म्हणत होतो, आलाच बाई रस्ता, आलाच. आणि धावत होतो. तुला हाक मारून थांबवलं नाही. मला वाटलं धावणंच बरोबर. डांबरीवर पोचलो, बाभळीखाली बबिता झाली, जीप मिळाली, आणि घाटंजी यायच्या आत मानी गेली.

गाणं लिहिलं तेव्हा तिसऱ्या कडव्यात मी तिचे शब्द घातले.

हळू रे भिया, हळू रे भिया,
पोटात माझ्या जीव हलते.

तू बरोबर त्याच जागी झांजा फोडायचास. लोक शिट्ट्या मारायचे. ते कडवं आजवर कोणी ऐकलेलं नाही, तूही नाही. आणि खरं सांगतो, तेव्हा मला ते बरंच वाटायचं. मी गायलो असं व्हायचं आणि कोणाला कळायचंही नाही. तुझ्या ढोलाला मी दोष दिला, पण त्याच्या आड मीच लपलो होतो.

आता हळू गातो आहे, कारण तिने तसं सांगितलं होतं. तेव्हा ऐकलं नाही.

तुला नको असेल तर ‘रस्ता’ काढतो. फक्त तसं कळव. तुझा शब्द मोडणार नाही.

शामभिया

•

पुसद
२५ जानेवारी २०२५

ती. भावसिंगमामा यांस,
शि. सा. न. वि. वि.

चाळीस दिवस झाले, तुमचं पत्र नाही. मोठे मामा रोज पोस्टमनच्या वेळेला ओट्यावर जाऊन बसतात आणि मी तुळशीला पाणी घालतोय असं सांगतात. तुळस कुजली. म्हणून आता मी लिहिते. शेवटी ते बाळंतपण माझंच होतं.

मोठ्या मामांनी मला तुमची पत्रं आणि स्वतःच्या पत्रांचे कच्चे कागद वाचायला दिले. वाचून तुमच्या दोघांचाही मला राग आला. एक धावण्याचं गाणं करतो, दुसरा हळू चालण्याचं, आणि दोघांनी मिळून मला आजपर्यंत एवढंच सांगितलं, की तुझी आई फार चांगली होती आणि पाऊस फार होता. मी अठ्ठावीस वर्षांची होत आले. नर्स आहे. आठवड्याला पाच-सहा बाळंतपणं या हातांनी करते. मला कोणी विचारलं असतं तर हे भांडण मी सुरूच होऊ दिलं नसतं.

आईच्या आईकडून, नानीकडून, मी एकदा सगळी लक्षणं विचारून घेतली होती. वार वेळेआधी सुटली होती. रक्त आतल्या आत जात होतं. अशा वेळी बाळ गुदमरलेलं जन्मतं, त्याला दवाखान्यात न्यायला तासभराचाही उशीर सोसत नाही, आणि आईला दवाखान्याशिवाय काही वाचवत नाही. तुम्ही हळू चालला असता, तरी आई राहिली नसती. मीही राहिले नसते. आईला त्रास होत होता म्हणून ती हळू म्हणत होती, ते खरं. तुम्ही धावलात म्हणून मी आहे, हेही खरं. आता यातलं कोणतं खरं गाण्यात घालायचं, ते तुम्ही गाणारे-वाजवणारे बघा.

तुमचं उत्तर नाही म्हणून मोठ्या मामांनी ‘रस्ता’ बाजूला ठेवलं होतं. रेकॉर्डिंगच्या शेवटच्या दिवशी मीच हट्ट धरला. त्यांना म्हटलं, माझ्यासाठी एकदा गा, लोकांना देऊ नका. गायले. तिसऱ्या कडव्याला गोपालकाकांचा हात थांबला, तरी मोठे मामा नुसतेच गात राहिले. दम लागत होता, तो तसाच आला आहे. आईचं बोलणं मी पहिल्यांदा ऐकलं, मामा. मला आईचा फोटोदेखील नाही.

ते गाणं मी मथुरामामीच्या मोबाईलवर पाठवते आहे. तुम्हाला ऐकू येणार नाही, तरी पाठवते. बाहेर द्यायचं की नाही ते तुम्ही ठरवा. गोधडी घ्यायला मी उन्हाळ्यात येते. तेव्हा बोलत असाल अशी आशा धरते.

तुमची,
बबिता

•

टेकडी तांडा
९ फेब्रुवारी २०२५

ती. शामभिया यास,
सा. न. वि. वि.

पत्र लिहिलं नाही कारण तूर कापून राह्यलो होतो. हे खोटं हाय. तूर पंधरा दिवसांखालीच निघाली.

तुह्यं पत्र आलं तवा म्या ते घडी करून पोत्याखाली ठेवलं. सत्तावीस वर्षं तू हे गिळून बसला, अन् मले ड्रम फोडू दिले. तिच्या बोलण्यावर झांजा फोडू दिल्या. भिया, तू मोठा भित्रा हाय. गळा मोठा म्हणून कोणाले कधी समजलं नाही. हे तुले तोंडावर सांगायचं होतं, पण तुह्यं उत्तर मले ऐकू आलं नसतं अन् तू त्यातही सुटला असता. म्हणून लिहून ठेवतो. जपून ठेवजो.

बबिताचं पत्र मंग आलं. त्या पोरीले कोणाचा धाक नाही. आपल्या घरात असं कोणीतरी पाहिजेच होतं. तिनं लिहिलेलं म्या चारदा वाचलं. धावलो ते वाया गेलं नाही, एवढंच मले समजलं. बाकीचं डॉक्टरी समजून घ्यायले ती येईन तवा बसवतो.

काल दुपारी मथुरा ओसरीत तुरीच्या शेंगा सोलत होती. तिनं मोबाईल लावला, टोपल्याले टेकवून ठेवला. म्या समोर बसलो. मले काय, मोबाईलही मुका अन् मथुराही. म्या तिच्या हाताकडे पाहत होतो. पहिले शेंगा सोलून राह्यली. मंग हात हळू झाला. मंग थांबला. गाणं संपलं असन, कारण तिनं मोबाईल उचलला, पुन्हा लावला, अन् ह्या बारीनं शेंगांले हातच लावला नाही.

लग्नाले तेवीस वर्षं झाली. मथुरेनं हे गाणं माह्यासंगं शंभर बाऱ्या ऐकलं असन. आमच्या लग्नातही वाजलं, ती शालू नेसून त्यावर नाचली होती. काल तिनं बबिताच्या पत्राचा कागद पालथा केला, अन् मागं पेन्सिलीनं लिहिलं, मानीबाई कशी होती?

मले हे कोणी इचारलं नव्हतं, भिया. तेरा वर्षं वाजवलं, हजारो माणसं नाचली, गॉगलवाला रस्त्यावर लोळला, पण मानी कशी होती असं कोणी म्हटलं नाही. मंग सांगत गेलो. ती चप्पल हातात घेऊन चालत होती, झिजते म्हणून. हिंदीच्या मास्तरची नक्कल करून बापूंले हसवत होती. तिले हळू बोलताच येत नव्हतं, कानात सांगायची गोष्ट अख्ख्या तांड्याले ऐकू जाय. तिले माह्यापेक्षा जोरात पळता येत होतं, हेही सांगितलं. दुपारची संध्याकाळ झाली. शेंगा तशाच राह्यल्या. मथुरा रडली. म्या काय केलं ते तुले लिहून देत नाही, तू त्याचं गाणं करशील.

‘रस्ता’ देऊन टाक. तसाच, दम लागलेला. मले ते पसंत नाही अन् कधी पसंत पडणार नाही, हे लक्षात ठेव. ‘लाईन गेली’चं तुम्ही जे केलं ते तर गावाच्या तोंडावर थुंकल्यासारखं हाय, मथुरेनं तेही मले सांगितलं. गोपालले म्हणा बियाणं विक.

वहिनीले नमस्कार. बबिता येईन तवा तिच्यासंगं तूही ये. तुह्या माह्या डोक्यात मानी वेगवेगळी असन. पोरीले दोघांचीही सांगून टाकू.

तुझा,
भावसिंग