ओळंब्याचा ठोकळा

गुरुवार, २१ तारीख, दुपार

प्रिय दादा,

नमस्कार. वहिनींनाही सांग. आम्ही ठीक आहोत. हिच्या गुडघ्याला उतार आहे आणि कंबरदुखी माझ्याकडे आली आहे, म्हणजे घरातलं दुखणं घरातच आहे. गोदामातली तुझी पाळी बदलली का? मागच्या पत्रात तू दोनच ओळी लिहिल्या होत्यास, त्यातली एक हवेबद्दल होती.

इथली नवी गोष्ट म्हणजे मी मास्तर झालोय. हसू नकोस. आपण बांधलेल्या शाळेत नव्या मोठ्या बाई आल्या आहेत. त्यांचं म्हणणं, मुलांनी आठवड्यातून एक दिवस वर्गाबाहेर, वस्तीतल्या कामाच्या माणसांकडून शिकावं. मागच्या महिन्यात मुलं बेकरीवाल्याकडे जात होती, त्याआधी शिवणवाल्या मावशींकडे. या महिन्यात गवंडी, म्हणजे मी. म्हटलं, "बाई, मी सातवी शिकलेला." तर म्हणाल्या, "मुलं चौथीत आहेत. तुम्ही तीन वर्षं पुढे आहात."

पहिल्या गुरुवारी मी ओळंबा नेला. आप्पांचाच, वारशाने माझ्याकडे आलेला, पितळी. मुलांना सांगितलं, दोरीच्या वरच्या टोकाचा, वजनाएवढ्याच रुंदीचा लाकडी ठोकळा भिंतीला टेकवायचा, खालचं वजन सोडून द्यायचं, ते भिंतीला नुसतं शिवलं की भिंत सरळ. आप्पांचा नियमही सांगितला, की वजन थांबेपर्यंत कोणी बोलायचं नाही. वीस मुलं श्वास धरून बसली. वजन झुलत होतं, त्याची सावली उन्हात झुलत होती, प्रत्येक फेरी आधीच्या फेरीपेक्षा लहान. डोळे मिटून नाव घेत बसलं की मन जसं फिरत फिरत एका जागी येतं, तसं ते आलं. खारूताई म्हणून एक चिमुरडी आहे, ती कुजबुजली, "आलं."

मुलांनी भिंतींची वही केली आहे. भिंत तपासायची आणि लिहायचं, कोणी बांधली, सरळ की वाकडी. दुसऱ्या गुरुवारी मुलं शाळेच्या मागच्या अंगणात शिरली.

ती भिंत तुला सांगायला नको.

वरून ओळंबा सोडला, तो थांबला, पण भिंतीला शिवलाच नाही. मधे दोन बोटं फट.

"काका, ही वरून पुढे आलीय. कोणी बांधली?"

"माझ्या मोठ्या भावाने," मी म्हणालो.

तोंडातून निघून गेलं. तेवीस वर्षांची सवय. खारूताईने पेनाने लिहिलंसुद्धा, गोल गोल अक्षरात.

त्यानंतर आठवडाभर दुपारी डोळा लागला की ती भिंत दिसायची. वाळत घातलेल्या कापडासारखी हलायची. वर तू बसलेला, हातातून दोरी सुटतेय, आणि खाली जमीनच नाही. वजन जातंय, जातंय. मी काहीतरी सांगायला तोंड उघडतो, तर तू शांतपणे म्हणतोस, "बारक्या, गप्प. अजून थांबलं नाही."

दादा, आता सांगतो.

त्या भिंतीचं काम सुरू व्हायच्या आदल्या दिवशी ओळंब्याचा ठोकळा माझ्या हातून विहिरीत पडला. आप्पांच्या भीतीने मी गुपचूप दुसरा तासला, अंदाजाने. तो दोन्ही अंगांनी तांदळाच्या दाण्याएवढा बारीक झाला. ओळंबा तू धरायचास. दर दोन थरांनी थांबायचास, वाट पाहायचास, दोरी स्थिर झाली की मगच वीट ठोकायचास. तू सगळं बरोबर करत होतास. दर वेळी दाणाभर पुढे, अशी भिंत चढत गेली आणि माझी चूक तुझ्या हातांनी चढत गेली.

भिंत वाकडी झालेली पाहून आप्पा म्हणाले, "याच्या नजरेतच खोट आहे." तू थापी धुतलीस, पुसलीस, कोपऱ्यात ठेवलीस, ती कायमची. त्याच संध्याकाळी मी ठोकळ्याला वजन लावून पाहिलं आणि मला कळलं. मी बोललो नाही. तू गाव सोडलंस तेव्हा नाही, आप्पा गेले तेव्हाही नाही. नीट माप घेऊन तिसरा ठोकळा केला, तोच आजवर वापरतो. रोज हात जोडतो खरा, पण देवासमोरही मी या गोष्टीला वळसाच घालत आलो.

आज सकाळी वर्गात उभा राहिलो. म्हटलं, "वहीत एक चूक आहे. ती भिंत माझ्यामुळे वाकडी झाली." ठोकळ्याची गोष्ट सांगितली. ओळंबा थांबताना बसतात, तशी मुलं बसली होती.

खारूताई म्हणाली, "पेनाने लिहिलंय काका. खोडता नाही येणार."

"मग काट मार."

तिने पट्टी लावून काट मारली आणि बाजूला लिहिलं, "दादांनी नीट बांधली. काकांचा ठोकळा वाकडा होता."

"वाकडा नाही गं, बारीक."

"बरं, बारीक." तिने तेही दुरुस्त केलं. मग मान वर करून म्हणाली, "दादांना माहितीये?"

सरळ घरी आलो आणि कागद घेतला.

सोबत तो बारीक ठोकळा पाठवतोय. इतकी वर्षं ट्रंकेत तळाशी होता. हातात घेऊन बघ. तुझ्या नजरेत खोट नव्हती, दादा, कधीच नव्हती.

माफी मागायला शब्द जुळत नाहीत, आणि तुला काय वाटावं हे सांगायचा मला अधिकार नाही. वजन इथे माझ्याकडे आहे, ठोकळा आता तुझ्याकडे. दोरी थांबेपर्यंत मी गप्प बसतो.

तुझा,
खोटं माप तासलेला
बारक्या