अठराची बाटली

ती. सासरेबुवा,

तुम्ही गेल्यावर सासूबाईंनी तुमच्या दोन्ही बाटल्या मला दिल्या. व्हिस्की एकाच डिस्टिलरीची, एक बारा वर्षं मुरलेली, एक अठरा. जावई म्हणून मला तुम्ही कायम अठराची ओतायचात आणि स्वतः बारावर भागवायचात. इतकं प्रेम बघून तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकायची.

काल बाराची सीलबंद बाटली आणली आणि तिन्ही शेजारी ठेवून चाखल्या. तुमच्या अठराच्या बाटलीत बाराच निघाली, घशाला तोच चटका. अठरा तुमच्या बाराच्या बाटलीत होती. मध, मनुका, घशाला पत्ताही लागत नाही.

रविवारी तुमच्या नातीचा होणारा नवरा येतोय. बाटल्या मी जशाच्या तशा ठेवल्यात.

तुमचाच,
जावई