पट्ट्यातल्या दोन बाटल्या

अहो,

नमस्कार. आम्ही दोघी सुखरूप आहोत, हे आधी वाचा आणि मग बाकीचं.

आज या कित्येक आठवडे चालणाऱ्या धावण्याच्या शर्यतीचा एकोणिसावा दिवस. आपली भिंगरी रोज पहाटेपासून त्याच एका शाळेभोवती फेऱ्या मारते. ऊन असं, की डांबर चपलेला चिकटतं. मी तिच्या टोपीत बर्फ भरते आणि पाणी, जेवण, वजन सगळं वहीत मांडते. तिचे पाय सुजलेत आणि जुने बूट टाकवेनात, म्हणून पुढची टोकं कापून पुन्हा दिलेत. हसू नका.

हे लिहिणार नव्हते, पण राहवत नाही. वजन पंचेचाळीस किलोच्या खाली गेलं की शर्यतीच्या डॉक्टरीणबाई वही पाहून तिला दिवसभर थांबवतात. आज सकाळी काटा बरोबर पंचेचाळीसवर थांबला. पण तिच्या कमरेच्या पट्ट्यात पाण्याच्या दोन भरलेल्या बाटल्या होत्या. मला दिसल्या.

"आई, लिही ना पटकन!"

मी लिहिलं. मग प्रत्येक फेरीला ती वळणावर दिसेपर्यंत जीव थाऱ्यावर नव्हता. नामस्मरणातही मन लागेना. अकराव्या फेरीला उठले आणि डॉक्टरीणबाईंना खरं सांगितलं.

तिला थांबवलं. "तू माझी आई की त्यांची चौकीदार?" म्हणाली. आता जेवून, भिंतीकडे तोंड करून झोपली आहे.

तुमच्या गोळ्या चुकत नाहीत ना? तिचा फोन आला तर माझी बाजू घेऊ नका, तिचीच घ्या.

उद्या पहाटे पुन्हा वजन आहे. पट्टा मी माझ्या उशाखाली ठेवला आहे.

तुमची,
भिंगरीची आई