साडेदहाच्या दोन दाढा

३ मार्च, सोमवार
बायकोच्या दातांच्या दवाखान्यासाठी अपॉइंटमेंटचा प्रोग्राम मीच लिहिणार, असं आज जाहीर केलं. मेहुणा लिहून द्यायला तयार होता. पण तो हौशी माणूस. येत्या सोमवारपर्यंत झालं नाही तर काम त्याच्याकडे जाईल, असं बायको म्हणाली. हसलो. दोन तासांचं काम.

४ मार्च, सकाळ
नोंदी वेळेनुसार लागायला हव्यात, मधेच कुणी घुसलं तरी. माझ्या प्रोग्रामिंगच्या भाषेत साधी लिस्ट आहे, ती सॉर्ट करायला एक ओळ पुरते. पण ते काय, कुणीही करेल. मला तोल सांभाळणारं झाड हवं, म्हणजे नोंदी फांद्या-फांद्यांवर लावणारी रचना. नोंद टाकली की फांद्या आपोआप सारख्या होतात आणि लाखातून हवी ती क्षणात सापडते. कुणीतरी लिहिलेलं असणारच. नेटवर शोधायचं, उतरवून घ्यायचं, संपलं.

४ मार्च, संध्याकाळ
नऊ झाडं सापडली. एक भाषेच्या जुन्या व्हर्जनवरच चालतं. एकात नोंद टाकता येते, काढता येत नाही. ‘ते पुढच्या आठवड्यात करतो’ असं लेखकाने लिहिलंय, सहा वर्षांपूर्वी. काही लोकांना शिस्तच नसते. बाकीची सात बघून डोकं उठलं.

५ मार्च
स्वतःच लिहायचं ठरवलं. दिवसभराचं काम. तुला माहीत तरी आहे का आमच्याकडे रोज किती पेशंट येतात, असं बायकोने विचारलं. म्हटलं, तपशील नंतर.

६ मार्च
खुर्ची डुगडुगत होती. स्क्रू आवळले. दिवस गेला.

७ मार्च
झाड डावीकडे कलतं. उजवीकडे वळवलं की निम्मे पेशंट गळतात. प्रगती आहे.

८ मार्च
जमलं! दहा लाख खोटे पेशंट टाकले, प्रत्येकाला वेगळी वेळ. कुणीही क्षणात सापडतो. मेहुण्याला मुद्दाम फोन केला. अरे वा, पण दवाखान्यात खुर्च्या दोन आहेत, एकाच वेळी दोघे आले तर, असं म्हणाला. जळतो.

१० मार्च, सोमवार
प्रोग्राम सुरू केला. साडेदहाला बायकोच्या खुर्चीवर सासूबाईंची दाढ. साडेदहालाच दुसऱ्या डॉक्टरीणबाईंकडे एका पोस्टमनची. माझ्या झाडात एका वेळेला एकच जागा. पोस्टमनची नोंद आली आणि सासूबाईंची गुपचूप पुसली गेली. त्यांचं नावच दिसेना, म्हणून बायकोने पुढचे पेशंट घेतले. सासूबाई गाल धरून तासभर बाकावर. झाडाचा तोल मात्र अचूक होता, हे मी त्यांना समजावून सांगितलं. त्यांना तोंड उघडवत नव्हतं. तरी बोलल्या.

११ मार्च
मेहुण्याने साधी लिस्ट घेतली आणि सॉर्टची एक ओळ लिहिली. अकरा मिनिटं, त्यात चहासुद्धा. दवाखान्यात दिवसाला चौदा पेशंट येतात, असं कळलं. मला कुणी सांगितलंच नाही.

१३ मार्च
आठवडाभर दात आवळून बसल्यामुळे दाढ ठणकतेय. दवाखान्यात फोन केला. साडेदहाला दोन्ही खुर्च्या भरल्यात, बाराला ये, असं बायको म्हणाली. मेहुण्याच्या प्रोग्राममध्ये माझं नाव बरोबर जागेवर लागलं. वाईट वाटलं.

१४ मार्च
दाढ काढली. घरी येऊन माझ्या झाडातल्या सगळ्या नोंदी पुसल्या. आता त्यात एकही पेशंट नाही. तोल तपासला. अचूक आहे.