इंजिन कोणी बांधलं?

प्रिय मोठेबाबा,

आज सकाळी तुमच्या ट्रकचं इंजिन सुरू झालं. आधी नुसता खोकला, मग पांढरा धूर, मग अख्ख्या नंदनवन वस्तीला ऐकू जाईल असा तो धडधडाट. मोठीआई पायरीवर बसली होती, ती उठून उभी राहिली. आणि तुमचा लेक विलास काय म्हणाला माहीत आहे? म्हणाला, "बाबांचा हात लागलेलं इंजिन. सुरू तर होणारच होतं."

म्हणून हे पत्र. तुम्हाला जाऊन दीड महिना होत आला, एवढ्या दिवसांत लिहायचं सुचलं नाही, रडूही धड आलं नाही. आज मात्र इतका संताप झाला की हात धुवायच्या आधी वही शोधली. कागदावर काळे डाग दिसतील, ते ऑइलचे आहेत.

तुमचा हात लागला होता, मान्य. पण कशाला? खोलायला! बांधलं कोणी?

विलासदादानं व्हिडिओ काढून सगळ्या नातेवाइकांना पाठवला. खाली लिहिलं, "बाबांचं अपुरं काम पूर्ण झालं." कसं पूर्ण झालं हो? आपोआप? शेजारचे लोक येऊन बंपरला हात लावून पाया पडून गेले. एकानं मला फोटोतून बाजूला व्हायला सांगितलं. मी झाले बाजूला. हातातला पाना घट्ट धरला म्हणून बरं, नाहीतर तोंडानं काही बोलले असते.

आता तुमच्याशी भांडते, कारण सुरुवात तुम्ही केली.

सहा पिस्टनच्या सहा दांड्या. प्रत्येक दांडी क्रँकला, म्हणजे इंजिनच्या मुख्य फिरत्या आसाला, जिथं पकडते, तिथं खालून अर्ध्या कडीसारखी कॅप बसते. ज्या दांडीची कॅप तिलाच बसली पाहिजे, दुसरीची चालत नाही. हे मला कोणी शिकवलं? तुम्ही. मग साधी खूण काहून केली नाही? सगळे मिस्त्री पंचनं ठोकून टिंब मारतात. पहिल्या जोडीला एक टिंब, दुसरीला दोन. तुमचं आपलं एकच, "चांगल्या लोखंडाले काहून टोचायचं, रंजे? चादरीवर मांडलं हाय ना ओळीनं."

चादरीवर! रेडिएटरकडची जोडी उशाला, गिअरबॉक्सकडची पायथ्याला. अंगणात जुनी चादर अंथरून त्यावर अख्खं इंजिन झोपवून तुम्ही निघून गेलात. सकाळचा चहा अर्धा ठेवून.

मी तेव्हा कुठं होते? जबलपूरच्या पुढं एका ढाब्यावर. त्याचं जनरेटर दुरुस्त करून दिलं तर मालकानं मला ठेवूनच घेतलं. त्याच्याकडे एक म्हैस होती, तिला ट्रकच्या हॉर्नवरून कोणता ड्रायव्हर आला ते कळायचं, आणि ती फक्त एकाच ड्रायव्हरला... जाऊ द्या, म्हशीचं नंतर. सांगायचं हे की बातमी मला आपल्याकडच्या एका ड्रायव्हरकडून दहाव्या दिवशी कळली. पोहोचले अकराव्याला.

तोवर तेरवीचा मांडव घातला होता. घर धुऊन-पुसून लख्ख. अंगणात पंगती बसायच्या म्हणून दादानं चादरीवरचं सगळं खराट्यानं लोटून दोन पोत्यांत भरलं होतं. दांड्या, कॅपा, टॅपेट, पुशरॉड, सगळं एकात एक. वर म्हणतो, "एक बोल्ट हरवू देला नाही, पाह्य." मला हसावं की पोतं त्याच्या डोक्यात घालावं कळेना. एक बोल्ट हरवला नव्हता, खरंच. फक्त तुम्ही चादरीवर जे मांडलं होतं, ते गेलं.

आणि तेरवीच्या दुसऱ्याच दिवशी दादानं भंगारवाल्याला बोलावलं. तो गॅसकटर घेऊन येणार, ट्रक जागेवर कापणार, तुकडे नेणार. दादाला तिथं कार लावायची आहे. माझे बाबा, तुमचे धाकटे भाऊ, तेही मान डोलवून बसले. तेव्हा मोठीआई स्वयंपाकघरातून बाहेर आली. एवढंच म्हणाली, "कापून नाही जाणार थो. चालत जाईन थो."

दादानं एक महिना दिला. माझ्याकडे बघून हसला. आयटीआय अर्धी सोडलेली, एका गावात दोन महिने न टिकणारी पोरगी! त्याचं हसणं चुकीचं नव्हतं, म्हणून जास्त लागलं.

क्रँक घासून तयार होऊन वाठोड्याच्या लेथवाल्या चाचांकडे पडून होती. आणायला गेले तर म्हणाले, चार महिन्यांपासून सांगून राहिलो की घेऊन जा, तर तुझे मोठेबाबा म्हणायचे, रंजू आली की बसवू. चार महिने? बोलवायचं होतं ना मग! तुम्हाला काय माणसांचा तोटा होता? नंतर मोठीआईनं तुमचा फोन दाखवला. माझ्या जुन्या नंबरवर किती वेळा लावला होता. तो नंबर मी उन्हाळ्यातच टाकून दिला, तुम्हाला नवा कळवला नाही. बघा, तुमच्याशी भांडायला बसले आणि कुठं येऊन अडकले.

तर कॅपा. दांड्यांवरचे आकडे बघून जोड्या लावल्या. तुम्ही जुन्या बाजारातून वेगवेगळ्या इंजिनांच्या दांड्या गोळा केलेल्या. तिघींवर चारचाच आकडा, दोघींवरचा झिजून गेलेला. तरी लावल्या. आवळल्या. लोखंडाची लांब सब्बल लावून क्रँक फिरवली तर हलेना. चाचा बघायला आले आणि म्हणाले, "बेटा, नंबर मत पढ़. जोड़ पे नाखून फेर."

सगळं परत खोललं. स्वयंपाकघरात बसून एकेका दांडीला एकेक कॅप लावायची, जोडावरून नख फिरवायचं. नख अडकलं की ती जोडी नाही. माझी नखं कुरतडलेली, बोटं ढाब्यावर भाजलेली. मला सगळंच सारखं लागायचं. मोठीआई तांदूळ निवडत होती. ताट खाली ठेवलं, माझ्या हातातली दांडी घेतली, अंगठा फिरवला.

"हे नाही वं. हिले पायरी हाय."

दुसरी. "हेही नाही." तिसरी. ती थांबली, परत फिरवला, डोळे मिटून. "हे घे. हे बहीण हाय हिची."

दोन दुपारांत सहाही जोड्या तिनं लावल्या. मोठेबाबा, चाळीस वर्षं तिनं तुमचे ऑइलचे कपडे रगडले. एकदा तरी एखादा नट तिच्या हातात दिला होता? लोखंडाची कीव आली तुम्हाला, टोचू दिलं नाही. ती त्याच घरात होती, तांदळातला खडा न बघता काढणारी. तुम्हाला काहून दिसली नाही? याचं उत्तर मला पाहिजे.

या वेळी क्रँक दोन बोटांच्या जोरानं फिरली. मग लायनर, हेड, टॅपेटची सेटिंग, डिझेलची एअर काढणं, आणि आजची सकाळ.

दादाचं ते वाक्य मी गिळलं होतं. मोठीआईनं नाही गिळलं. सगळ्यांसमोर, इंजिनच्या आवाजात म्हणाली, "तुह्या बाबानं खोललं होतं, इलास. बांधलं आमी." दादा दुसरा व्हिडिओ काढत होता, तो त्यानं बंद केला. कापणाऱ्याला नको म्हणून कळवलंही.

उद्या ट्रक नरखेडला जातो, संत्री वाहायला. तिथल्या एका संत्रेवाल्यानं विकत घेतलाय, नवा मालक स्वतः चालवत नेणार आहे.

तुम्ही मला नेहमी टोमणा मारायचे की ही एकदा सोडलेल्या गावी परत पाय ठेवत नाही. खरं आहे. पण नवं बांधलेलं इंजिन आठवडाभर चाललं की हेडचे बोल्ट परत आवळावे लागतात. मी नरखेडला जाईन. आधी आठवड्यानं, मग ऑइल बदलायला, मग तो बोलावील तेव्हा. मोठीआईलाही नेईन, ती समोरच्या सीटवर बसेल. आणि तिथं कोणी मिस्त्रीचं नाव विचारलं तर दोन नावं सांगीन. त्यात तुमचं नसेल. राग आला तर येऊ द्या, मलाही आलाच आहे.

तुमची,
रंजू