वामनरावांचा ब्रेकव्हॅन

१२ नोव्हेंबर, पांढुर्णा
परदेशातून पार्सल आलं एकदाचं. अडीच महिने. खोक्याचा एक कोपरा दबलेला, तेव्हाच मनात पाल चुकचुकली. आत चार डबे, छोट्या लाइनच्या, म्हणजे नॅरोगेज गाडीचे, माझ्या वितीएवढे. तीन प्रवाशांचे, एक गार्डचा ब्रेकव्हॅन.
पहिल्या डब्याची पायरी तुटलेली. दुसऱ्याचा रंग खिडकीखाली ओघळलेला. तिसरा बरा. ब्रेकव्हॅनचं छत उचकटलेलं, एक चाक खोक्यात सुटं. नेमका तोच!
तेहतीस वर्षं रेल्वेचे खरे डबे तपासले. नादुरुस्त डब्याला आम्ही ‘सिक’ म्हणायचो, खडूनं तसं लिहायचो. हा माल मी यार्डाच्या बाहेर पडू दिला नसता.
सुमन म्हणते, "खेळन्यासाठी इतकं तोंड पाडून बसले?" बायकोशी काय वाद घालायचा.

१३ नोव्हें.
वामनरावांना सौंसरला फोन. छोटी लाइन होती तोवर ते तिच्यावर गार्ड. लाइन उखडली, आता त्यांचे डोळे चाललेत. काचबिंदू. गेलेली नजर परत येत नाही, असं नागपूरच्या डॉक्टरनं स्वच्छ सांगितलं. म्हणून तर ही सगळी धडपड. समोरच्या खोलीत टेबलावर सौंसर स्टेशन केलं, गोल रूळ टाकले, इंजिन आहेच. त्यांनी आपली गाडी एकदा बघावी, एवढंच.
म्हटलं, तीन डब्यांवर चालवू.
"अन् ब्रेकव्हॅन?"
"मोडला, दादा."
"मंग गाडी सुटन कशी बे? गार्डानं काय इंजिनावर बसाव?"
म्हातारा ऐकत नाही.

१६ नोव्हें.
मुलीनं, प्रज्ञानं, पुण्याहून विक्रेत्याला इंग्रजीत पत्र लिहिलं. मी व्हिडिओ पाठवला, प्रत्येक चाकावर पेन्सिलीनं टकटक करून. उत्तर आलं: मोडका ब्रेकव्हॅन परत पाठवा, नवा देतो. चला.

१९ नोव्हें.
त्यांच्या थर्माकोलवर माझा भरवसा नाही. बोरगावला मेहुण्याच्या बागेत संत्र्याची तोड चालू आहे. तिथून लहान पेटी आणि धानाची तणस, म्हणजे सुका पेंढा, आणला. खाली तणस, मधे ब्रेकव्हॅन, चहूबाजूंनी तणस, वर फळी ठोकली, बाहेरून पुठ्ठा. आमची संत्री अशीच जातात, एक दबत नाही. मेहुणा म्हणाला, "भाऊजी, आता ट्रकावरून फेकली तरी काई होत नाई." कुरिअरवाल्यानं विचारलं काय आहे. खेळणं, म्हटलं.
आज झोप छान लागेल.

२१ डिसें.
ब्रेकव्हॅन जाळला.
तिकडच्या कस्टमनं पेटी उघडली. तणस म्हणजे शेतातला माल, त्यांच्या देशात बंदी. पेटीसकट भट्टीत. विक्रेता म्हणतो, माल पोचलाच नाही, बदली कशाची देऊ?
प्रज्ञा फोनवर: "बाबा, तणस कोण टाकतं?"
आपण टाकतो. सगळेच टाकतात. विचारायचं सुचलंच नाही. घरी ठेवला असता तर छत चिकटवता आलं असतं, चाक बसवता आलं असतं. त्यांनी मोडून पाठवला, पण जाळला मी. स्वतःचाच राग येतोय.

३ जाने.
बसनं सौंसरला जाऊन आलो. वामनराव दारातच होते. मी हात पुढे केला, तो त्यांना दिसला नाही. आवाजावरून ओळखलं. तणशीचं सांगितलं तर खोकला येईपर्यंत हसले. "संत्र्यावानी पाठवलं बे तू तेले!"
मग म्हणाले:
"मिलिंद, मले आता फक्त सामनेचं दिसते. तेबी धुक्यातून. जे कराचं ते लौकर कर."


१८ जाने.
संत्र्याच्या पेटीच्या फळीतून ब्रेकव्हॅन केला. पहिला चिरला, दुसरा जमला. पायरी तुटलेल्या डब्याची चाकं आणि हुक काढून त्याला लावले. म्हणजे आता दोन डबे आणि ब्रेकव्हॅन. हुक विक्रेत्याचाच, प्लास्टिकचा, दबतो. दहा फेऱ्यांत एकदा वळणावर निसटला.
खरं म्हणजे सिक. पण वामनराव पुढच्या रविवारी येताहेत.

२५ जाने.
वामनराव सुनेसोबत आले. खिशात जुनी शिटी, पिशवीत हिरवी झेंडी. आधी ब्रेकव्हॅन हातात मागितला. बोटं फिरवत गेले: दार, खिडकी, मागची बाजू.
"एल.व्ही.ची पाटी?"
शेवटच्या डब्याची पाटी. स्टेशनवाला ती बघतो तेव्हाच गाडी पूर्ण आली म्हणतो. नखाएवढी करून लावली होती. त्यांच्या बोटाला सापडली. "हां," म्हणाले.
शिटी. झेंडी. मी बटण दाबलं.
गाडी निघाली. वामनराव खुर्चीत ताठ, नजर समोर, गाडी डावीकडे. सुमनही स्वयंपाकाचा ओटा सोडून बघायला आली. पलीकडच्या वळणावर हुक निसटला. ब्रेकव्हॅन तिथेच उभा. इंजिन दोन डबे घेऊन फिरून स्टेशनात आलं. थांबवलं.
"आली का पुरी? पाटी दिसली?"
सुमन माझ्याकडे बघत होती.
"दिसली, दादा. पुरी आली."
तेहतीस वर्षांत एकदाही सिक डबा फिट म्हणून लिहिला नव्हता.
 वामनराव हळूच म्हणाले, "आवाज दोन डब्यायचा होता, मिलिंद. ब्रेकव्हॅन वळनावर राह्यला."
मी वळणावरचा ब्रेकव्हॅन उचलला.
"मले कायले खोटं सांगतं? मी काय लहान लेकरू हावो? हुक नीट कर. मी पुढच्या रविवारी येतो."
चहा घेतला. सुनेच्या हाताला धरून पायऱ्या उतरले.
झेंडी नेली नाही. चाचपडत टेबलावर सौंसर स्टेशनपाशी ठेवून गेले.